रेणूंचे गणित आणि आपला जिल्हा

२८ फेब्रुवारी हा राष्ट्रीय विज्ञान दिन. १९२८ साली याच दिवशी रामन यांनी आपला शोध लावला आणि १९८७ पासून देश त्याची आठवण ठेवतो. यंदा, २०२६ मध्ये, आणखी एक निमित्त आहे. एर्विन श्रोडिंगर यांनी इलेक्ट्रॉनचे समीकरण १९२६ मध्ये मांडले, त्याला शंभर वर्षे होत आहेत. यवतमाळ, वणी, पुसद, दारव्हा इथल्या शाळा-महाविद्यालयांतून या दिवसांत प्रदर्शने भरतात आणि मुले हौसेने प्रतिकृती मांडतात. टेबलावर मांडायला ज्यात काहीच नसते, ते विज्ञान मात्र या मुलांपर्यंत फारसे पोहोचत नाही. आज आम्ही त्याबद्दल आणि ते महाराष्ट्रात वाढवणाऱ्या एका शास्त्रज्ञाबद्दल लिहीत आहोत.

डॉ. श्रीधर रामचंद्र गद्रे यांचे क्षेत्र सैद्धांतिक रसायनभौतिकी. आयआयटी कानपूरमध्ये पीएच.डी., अमेरिकेत चॅपल हिल येथे रॉबर्ट पार यांच्याकडे संशोधन आणि नंतर पुणे विद्यापीठाचा रसायनशास्त्र विभाग, असा त्यांचा प्रवास. पार हे इलेक्ट्रॉनच्या घनतेवरून रेणूचे गुणधर्म सांगणाऱ्या सिद्धांताचे मोठे नाव. त्यांच्याकडे काम केलेल्या तरुणाला परदेशात जागा मिळणे अवघड नव्हते. गद्रे पुण्यात आले आणि त्यांच्या कारकिर्दीचा मोठा भाग एका राज्य विद्यापीठात गेला. १९९३ मध्ये त्यांना शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला. पुढे काही वर्षे ते आयआयटी कानपूरला शिकवत होते आणि नंतर पुन्हा पुण्यात आले.

त्यांचे काम समजून घ्यायचे तर आधी अडचण समजली पाहिजे. १९२९ मध्येच भौतिकशास्त्रज्ञ डिरॅक म्हणाले होते की, रसायनशास्त्राला लागणारे मूलभूत नियम आता हाती आले आहेत, फक्त त्यातून निघणारी समीकरणे सुटण्यापलीकडची आहेत. ते खरे होते. हायड्रोजनच्या अणूत एकच इलेक्ट्रॉन असल्याने तिथे उत्तर तंतोतंत मिळते. दुसरा इलेक्ट्रॉन आला की ते इलेक्ट्रॉन एकमेकांना ढकलू लागतात आणि अंदाजाच्या पद्धतींचा आधार घ्यावा लागतो. आज सर्वांत विश्वासाची मानली जाते त्या पद्धतीत रेणूचा आकार दुप्पट झाला की संगणकाचे काम दोनाच्या सातव्या घाताने, म्हणजे १२८ पट वाढते. आज एका दिवसात होणारा हिशेब दुप्पट रेणूसाठी चार महिन्यांवर जातो.

विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात भारतातल्या बहुतेक विद्यापीठांकडे महासंगणक नव्हता. पुण्यातच १९८८ मध्ये सी-डॅक ही संस्था सुरू झाली आणि १९९१ मध्ये तिथे ‘परम ८०००’ हा महासंगणक उभा राहिला. ते काम विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली झाले. भटकर अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापूर तालुक्यातल्या मुरंब्याचे, म्हणजे आपल्या शकुंतला रेल्वेच्या दुसऱ्या टोकाकडचे. अनेक लहान प्रोसेसर एकत्र जोडून मोठे काम वाटून घ्यायचे, ही ‘परम’ची रीत. गद्रे आणि त्यांचे विद्यार्थी अशाच समांतर संगणकांसाठी रेणूंचे प्रोग्राम लिहीत होते.

१९९४ मध्ये गद्रे आणि त्यांचे सहकारी शिरसाट आणि लिमये यांनी जी पद्धत मांडली, तिचे नाव ‘मॉलिक्युलर टेलरिंग’. शिंपी कापड बेतून कापतो आणि जोडून अंगरखा करतो, तसा मोठा रेणू कागदावर कापायचा. तुकडे एकमेकांवर थोडे चढतील असे घ्यायचे. कापलेल्या बंधाच्या टोकाला हायड्रोजनचा अणू लावायचा, म्हणजे ते टोक उघडे पडत नाही. बेंझीनसारखे कडे मध्येच तोडायचे नाही, कारण तिथले इलेक्ट्रॉन सगळ्या कड्याचे मिळून असतात. मग प्रत्येक तुकड्याचा हिशेब वेगळा करायचा, सगळ्यांची बेरीज घ्यायची आणि जे भाग दोनदा मोजले गेले ते वजा करायचे.

हे वजा करणे आपल्या मुलांना ठाऊक आहे. राज्य मंडळाच्या नववीच्या गणितात पहिलेच प्रकरण संचांचे असते. त्यात वर्गातल्या किती मुलांना क्रिकेट आवडते, किती जणांना फुटबॉल आणि किती जणांना दोन्ही, असे उदाहरण असते. दोन्ही संख्यांची बेरीज करून सामाईक संख्या एकदा वजा करायची. गद्र्यांच्या पद्धतीचा कणा हाच नियम आहे. तुकडे कुठे पाडायचे आणि चूक किती उरते, हे ठरवण्यात मात्र पुढची कित्येक वर्षे आणि विद्यार्थ्यांच्या पिढ्या गेल्या. आधी इलेक्ट्रॉनची घनता, मग रेणूची ऊर्जा आणि आकार, मग पाण्याच्या रेणूंचे पुंजके आणि एकाच रेणूच्या आतल्या एका हायड्रोजन बंधाची ताकद, असा हा पल्ला वाढत गेला. अमेरिकेत वेइताओ यांग यांनी १९९१ मध्ये याच दिशेची एक वाट दाखवली होती. जपानमधली जगभर वापरली जाणारी खंड-पद्धत मात्र १९९९ ची आहे. पुण्याचे काम त्याच्या आधीचे, आणि हे आपण अभिमानाने सांगायला हवे.

गद्र्यांचे दुसरे मोठे काम रेणूभोवतीच्या विद्युत विभवाचे. अणुकेंद्रे धन, इलेक्ट्रॉन ऋण, त्यामुळे रेणूभोवतीच्या प्रत्येक बिंदूवर एक ओढ किंवा एक ढकल असते. ती मोजली की दुसरा रेणू कुठून येऊन चिकटेल, ते दिसते. १९९० मध्ये भौतिकशास्त्राचे राजीव पाठक आणि गद्रे यांनी सिद्ध केले की, हे विभव अणुकेंद्रांखेरीज कुठेही शिखर गाठू शकत नाही. सिद्धता थोडक्यात अशी: शिखरावर सगळ्या दिशांनी उतार हवा, म्हणजे वक्रतांची बेरीज धन असून चालणार नाही, आणि पॉइसनचे समीकरण सांगते की जिथे इलेक्ट्रॉन आहेत तिथे ती बेरीज धनच असते. हे समीकरण बी.एस्सी.च्या भौतिकशास्त्रात असतेच. ते हजारो विद्यार्थी परीक्षेपुरते पाठ करतात. त्यातून रेणूबद्दल एवढे मोठे विधान निघते, हे पाहायला दोन विभागांच्या माणसांना एकत्र बसावे लागले. आमच्या मते महाविद्यालयांनी यातली हीच गोष्ट सर्वांत आधी उचलावी.

याचा यवतमाळशी काय संबंध, असे कोणी विचारील. २०१७ चा पावसाळा हा जिल्हा विसरलेला नाही. त्या वर्षी पऱ्हाटी डोक्याएवढी वाढली होती आणि कीटकनाशकाचा फवारा थेट तोंडावर येत होता. जिल्ह्यात वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो जणांना वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आणि इतर रुग्णालयांत न्यावे लागले. त्या वेळच्या औषधांत मोनोक्रोटोफॉस आणि प्रोफेनोफॉस होती. दोन्हींच्या रेणूत फॉस्फरस आहे. आपल्या नसांमधला संदेश थांबवण्याचे काम ॲसिटिलकोलिनएस्टरेज नावाचे एक विकर करते. त्याच्या आत खोल, अरुंद घळ आहे आणि तळाशी सेरीनचा एक अवयव काम करतो. विषाचा फॉस्फरस नेमका त्याला जाऊन चिकटतो. मग संदेश थांबत नाही, लाळ सुटते, श्वास कोंडतो. डॉक्टर ॲट्रोपिन देतात आणि तो फॉस्फरस सोडवायला ‘पॅम’चे इंजेक्शन देतात. काही काळ उलटला की बंध पक्का होतो आणि ‘पॅम’चा उपयोग होत नाही. रुग्ण लवकर आणा, असे डॉक्टर कळकळीने सांगतात, त्यामागे रेणूंचे हे गणित आहे.

त्या घळीतले विभव, फॉस्फरसचा बंध, तो सोडवणारा नवा रेणू या सगळ्यांचा हिशेब सैद्धांतिक रसायनशास्त्रज्ञ संगणकावर करतात. ज्या जिल्ह्याने या विषाची किंमत मोजली, तिथल्या मुलामुलींनी या प्रश्नावर काम करू नये असे काहीच कारण नाही. या विद्येला महागडी प्रयोगशाळा लागत नाही. ‘एनडब्ल्यूकेम’ आणि ‘पायएससीएफ’ हे प्रोग्राम मोफत मिळतात, ‘ऑर्का’ शैक्षणिक कामासाठी विनामूल्य आहे, आणि पाण्याच्या चार-पाच रेणूंचा हिशेब साध्या संगणकावर होतो. तीन विज्ञान अकादमींची उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांनाही मिळते. ‘जॅम’ परीक्षा देऊन आयआयटीत एम.एस्सी. करता येते. या वाटा आहेत, पण त्या दाखवणारे माणूस जवळ नसते, ही आपल्याकडची खरी उणीव आहे.

म्हणून जिल्ह्यातल्या प्राचार्यांना आमची विनंती आहे. यंदाच्या विज्ञान दिनी रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र आणि गणित या तिन्ही विभागांच्या प्राध्यापकांना एका वर्गात बसवा. एका संगणकावर पाण्याच्या एका रेणूचे विभव काढून मुलांना दाखवा. त्याला एक दुपार पुरते. आणि बी.एस्सी.च्या ज्या विद्यार्थ्याला त्यात गोडी वाटेल, त्याच्या हातात त्याच दिवशी शिष्यवृत्तीचा अर्ज द्या.