वाळूतले काळे कण लोखंडाचे नसतात!



चुंबकाचा पाठ आला की आपण काय करतो? वाळूत चुंबक फिरवतो, काळे कण चिकटतात आणि फळ्यावर लिहितो, 'वाळूत लोखंडाचे कण असतात.' मीही वर्षानुवर्षं हेच लिहिलं. मागच्या वर्षी चौथीतल्या एका मुलीने विचारलं, "बाई, ही वाळू तर नदीतली. मग हे लोखंड गंजलं कसं नाही?" मला उत्तर येत नव्हतं. "पुढच्या वर्गात कळेल," म्हणून तिला खाली बसवलं. ते अजून टोचतं.

उत्तर तसं सोपं होतं. ते कण लोखंडाचे नाहीतच, ते मॅग्नेटाइट, म्हणजे लोह आणि ऑक्सिजनचं संयुग. आपल्या काळ्या बेसाल्ट खडकात ते असतं, खडक झिजला की नदीत येतं. ज्याचं ऑक्सिजनशी आधीच लग्न लागलंय, ते लोखंडासारखं कसं गंजणार? (ही उपमा मुलांना पटकन कळते.)

खरी गंमत पुढेच आहे. त्याच वाळूतले पांढरे, चकचकीत कण बरेचसे सिलिकेचे. प्रयोगशाळेत हे दोन पदार्थ एकाच कणात आणतात. लोहाच्या दोन प्रकारच्या क्षारांच्या द्रावणात अमोनिया घातला की मॅग्नेटाइटचे अतिसूक्ष्म काळे कण तयार होतात. मग अल्कोहोल, पाणी आणि अमोनियाच्या मिश्रणात सिलिकॉनचं एक संयुग घालून त्यांच्यावर सिलिकेचा थर चढवतात. संक्रांतीला तिळावर पाक चढवून हलवा करतो ना, अगदी तसं! ही थराची रीत श्टोबर यांच्या 1968 च्या पद्धतीवरून आलेली.

आणि याचा उपयोग? कोरोनात आपल्या नाकातून नमुना घेतला, आठवतंय? अनेक प्रयोगशाळांत विषाणूचा आरएनए अशाच कणांवरच्या सिलिकेला चिकटवत. नळीला बाहेरून चुंबक लावला की कण भिंतीशी गोळा, बाकीची घाण धुऊन टाकायची. आतलं मॅग्नेटाइट इतकं बारीक, की चुंबक काढला की कणांचं चुंबकत्वही जातं आणि ते पुन्हा पाण्यात पसरतात.

काही जण म्हणतील, चौथीला एवढं कशाला? नॅनोमीटर शिकवा असं मी म्हणत नाहीये. पण 'लोखंड' आणि 'लोह असलेला पदार्थ' हा फरक चौथीतल्या मुलाला नक्की कळतो. फळ्यावर चुकीचं वाक्य तरी नको. पालकहो, घरी मुलाने असं काही विचारलं तर "पुस्तकात आहे तेवढंच कर" असं कृपया म्हणू नका.

ती मुलगी आता पाचवीत आहे, आमच्याच शाळेत. या आठवड्यात मूठभर वाळू आणि चुंबक घेऊन तिच्या वर्गावर जाणार आहे.