मुलींचं धावणं आठवीत का थांबतं?



आपल्या महाळुंगे-बालेवाडीत १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी बांधलेलं एवढं मोठं क्रीडासंकुल आहे. तरी सातवीपर्यंत वर्गात सगळ्यांच्या पुढे पळणारी मुलगी आठवीत मैदानाच्या कडेला दप्तरं सांभाळत बसते. "आता मोठी झालीस, पुरे," असं घरचे म्हणतात आणि आपण गुरुजी-बाईही गप्प राहतो. मला हे पटत नाही.

लांब पल्ल्याचं धावणं उशिराच बहरतं. स्कॉटलंडमध्ये राहणाऱ्या जास्मिन पॅरिस पेशाने पशुवैद्य. २०१९ मध्ये इंग्लंडच्या डोंगरांतून स्कॉटलंडपर्यंत जाणारी सुमारे ४३० किलोमीटरची स्पाइन रेस त्यांनी जिंकली, पुरुषांनाही मागे टाकून! लेक अजून अंगावर पीत होती, म्हणून वाटेतल्या थांब्यांवर त्या दूध काढत. २०२४ मध्ये, चाळिशीत, दोन लेकरांची आई असताना, अमेरिकेतली बार्कली मॅरेथॉन पूर्ण करणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या. मुदत ६० तासांची. त्या पोचल्या तेव्हा ९९ सेकंद उरले होते.

लांबचं कशाला, नाशिकच्या सावरपाड्याची कविता राऊत बघा. डोंगरवाटांनी पाणी आणणारी, अनवाणी धावणारी ही पोर. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरला तिने कांस्यपदक मिळवलं.

येत्या जूनपासून आठवी-नववीचा पीटीचा तास गणिताला द्यायचा नाही, एवढं तरी आपण ठरवू. पाळीच्या दिवसांत धावायचं की बसायचं, ते तिचं तिला ठरवू द्या.