सांधे बरे झाले, झडप नाही

गेल्या महिन्यात दवाखान्यात २२ वर्षांची एक सून आली. सातवा महिना, सोबत सासूबाई. "मॅडम, आडवी झाली की हिला धाप लागते. रात्रभर उशांना टेकून बसते. पहिलंच बाळंतपण, घाबरली असेल." छातीला नळी लावली, तर ठोक्यांबरोबर खरखर ऐकू आली. लहानपणी सांधे सुजले होते का, असं विचारताच ती सासूकडे बघून गप्प झाली. सासूबाई बाहेर गेल्यावर म्हणाली, "नववीत असताना. दर २१ दिवसांनी इंजेक्शन होतं. निकाह ठरला तेव्हा अम्मीने बंद केलं. सासरी कळलं तर काय, म्हणून."

हा ऱ्हुमॅटिक हृदयविकार. ५ ते १५ वयात स्ट्रेप्टोकोकस जंतूमुळे घसा धरतो. त्यावर नीट उपचार झाले नाहीत, तर काही मुलांना दोन-तीन आठवड्यांनी ताप येतो, आज गुडघा सुजतो, उद्या घोटा. सांधे बरे होतात आणि घरचे निर्धास्त होतात. पण जंतूंशी लढायला निघालेली शरीराची फौज हृदयाच्या झडपांवरही उलटलेली असते. घसा पुन्हा धरला की पुन्हा हल्ला, आणि झडप आणखी जाड.

सर्वांत जास्त सापडते ती डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली मायट्रल झडप. निरोगी माणसात ती ४ ते ६ चौरस सेंटिमीटर उघडते. दीडवर आली की रक्त पुढे सरकेना होतं आणि मागे फुफ्फुसांत तुंबतं. धाप लागते ती यामुळे. गरोदरपणात अंगातलं रक्त जवळजवळ दीडपट होतं, म्हणून इतकी वर्षं गप्प असलेला आजार नेमका तेव्हाच डोकं वर काढतो. शिवाय वरचा कप्पा फुगून ठोके अनियमित झाले, तर आत गुठळी होते. ती मेंदूत गेली की लकवा.

पेनिसिलिनचं ते इंजेक्शन झडप दुरुस्त करत नाही, पुढचा हल्ला टाळतं. झडप बिघडलेली असेल तर ते चाळिशीपर्यंत, कधी त्यापुढेही घ्यावं लागतं. (दुखतं खूप, हे कबूल.) पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी नसेल तर गरोदरपणातही चालतं. रमजानमध्ये तारीख पुढे ढकलणारी घरं मला दरवर्षी भेटतात. स्नायूत दिलेल्या औषधाच्या इंजेक्शनने रोजा तुटत नाही, असं बहुतेक उलमांचं मत आहे. तरी मन मानत नसेल तर इफ्तारनंतर घ्या, पण चुकवू नका. आणि अशा मुलीची इको तपासणी लग्नाआधी, निदान दिवस राहण्याआधी तरी करून घ्या.

या मुलीला मोठ्या इस्पितळात पाठवलं. मांडीच्या शिरेतून नळी नेऊन फुग्याने झडप उघडण्याची पद्धत जपानच्या डॉ. कांजी इनोउए यांनी १९८४ साली प्रसिद्ध केली. गरज पडली तर ती गरोदरपणातही करता येते.

तिच्या परवानगीने सासूबाईंना सगळं सांगितलं. आता बोलणी बसणार, असं मला वाटलं होतं. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "आधी सांगितलं असतंस तर तुला पाण्याचे हंडे तरी वर चढवू दिले नसते गं."