तार नको, फ्यूजच घाला

मालवणातला बर्फ कारखाना असो, तारकर्ली-देवबागचा होमस्टे असो की वाडीतला पंप, फ्यूज उडाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं: "आत्ता तार घाल, मगे बघूया." ती तार घालू नका, ही कळकळीची विनंती.

पूर्वीची साधी मोटार थोडा वेळ तापली तरी सोसायची. आता कंप्रेसरला, पंपाला मोटारीचा वेग सांभाळणारे ड्राइव्ह बसतात, छपरावर सोलरचा इन्व्हर्टर येतो. त्यांच्या आतले आयजीबीटी नावाचे इलेक्ट्रॉनिक स्विच शॉर्ट सर्किटमध्ये पापणी लवायच्या आत जळून जातात. करंट दुप्पट झाला की उष्णता चौपट होते, दसपट झाला की शंभरपट. आपल्या विजेचं एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं. मोठा शॉर्ट झाला तर अशा यंत्रांसाठीचा झटपट तुटणारा फास्ट फ्यूज त्याच्या निम्म्या वेळातच, करंट शिखरावर पोचू न देता, वाट तोडतो. तुमची तार तोवर नुसती तापत असते.

या फ्यूजच्या पोटात चांदीची पातळ पट्टी असते, तिला ठरावीक जागी खाचा पाडलेल्या असतात. भोवती वाळू भरलेली असते. किनाऱ्यावरची खारी वाळू नव्हे, शुद्ध आणि सुकवलेली क्वार्ट्झची. पट्टी वितळून ठिणगी पेटली की ती वाळू वितळून काचेसारखी होते आणि ठिणगी गिळते. म्हणून उडालेला फ्यूज फोडून पुन्हा भरता येत नाही. त्याच जातीचा, त्याच अँपिअरचा आणि व्होल्टेजचा नवाच आणा. सोलरच्या डीसी बाजूला तर एसीचा फ्यूज मुळीच चालत नाही. एसी करंट सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो, तिथे ठिणगीला विझायला वाव मिळतो. डीसीत तो शून्यावर येतच नाही.

थ्री फेजवर एकच फ्यूज उडाला तरी तिन्ही बदला. बाकीचे दोन त्याच धक्क्याने कमकुवत झालेले असू शकतात, आणि पुढे त्यातला एक गेला की मोटार दोन फेजवर गुरगुरत जळते.

आपल्याकडचा खरा वैरी मात्र खारा वारा. होल्डरच्या पितळी पकडीवर हिरवा कळंक चढतो, संपर्क सैल होतो, तिथेच उष्णता साठते आणि भार वाढलेला नसतानाही फ्यूज उडतो. अशा वेळी मोठ्या अँपिअरचा फ्यूज घालणं म्हणजे रोग झाकणं. मे २०२१ च्या तौक्ते वादळात किनारपट्टीवर विजेचे खांब आडवे झाले होते, ते आठवा. अशा मोठ्या खंडानंतर लाईट येण्याआधी पॅनेलमधली ओल आणि कळंक पाहून घ्यावा. १ जून ते ३१ जुलैच्या मासेमारी बंदीत बर्फाचं काम मंदावतं, तेव्हा परवानाधारक वायरमनकडून पकडी साफ करून घ्या, स्क्रू आवळून घ्या. मेन बंद केल्यावरही ड्राइव्ह लगेच उघडू देऊ नका, आतल्या कपॅसिटरमध्ये काही मिनिटं वीज साठून राहते.

आणि हा फ्यूज यंत्राचा राखणदार आहे, माणसाचा नव्हे. ओल्या हाताने पंपाला शिवणाऱ्या पोराला वाचवायला करंटची गळती ओळखून वीज तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आणि चांगलं अर्थिंगच हवं.

आजच पॅनेलच्या दाराच्या आतल्या बाजूला फ्यूजचा अँपिअर, व्होल्टेज आणि प्रकार ऑइलपेंटने लिहा, आणि तसेच तीन फ्यूज प्लॅस्टिकच्या बंद डब्यात तिथेच ठेवा.