जड सायकलचे काय करावे?

आपल्या कॉलेजच्या सायकल-स्टँडवर नजर टाकली तर निम्म्या सायकली डोंगर चढायला निघाल्यासारख्या वाटतात. खाचांचे जाडजूड टायर, पुढे स्प्रिंगा, काहींना मागेही स्प्रिंग, शिवाय गिअर. प्रत्यक्षात यांपैकी बहुतेकींचा सर्वांत मोठा डोंगर म्हणजे कपिलेश्वर रेल्वे पुलाचा चढ! माझीही सायकल याच जातीची. धान्याच्या काट्यावर ती 18 किलो भरली. येळ्ळूरहून ती रोज रेटत येणाऱ्या मला मित्रांचे दोन सल्ले मिळतात. एक म्हणतो, सुटे भाग बदलून हलकी कर. दुसरा म्हणतो, विकून टाक आणि नवी घे. सुट्टीत शिकवण्या घेऊन साठवलेले थोडे पैसे माझ्याजवळ आहेत, आणि पुढील वर्षी धाकटी बहीणही कॉलेजात येणार आहे. तेव्हा हा प्रश्न केवळ हौसेचा नाही.

या सायकलीचा जन्मच मुळी जुन्या, जड सायकलीतून झाला आहे. कॅलिफोर्नियातील मरीन परगण्यात 1970 नंतरच्या दशकात काही तरुण पोरे जुन्या, जाड टायरच्या सायकली घेऊन टॅमल्पायस डोंगराच्या कच्च्या वाटांनी खाली सुटत. 1976 साली त्यांच्या शर्यती सुरू झाल्या. उतारावर मागच्या ब्रेकमधले ग्रीस जळून जाई, ते पुन्हा भरावे लागे; म्हणून शर्यतीचे नावच पडले ‘रीपॅक’. त्यांनी आधी त्याच सायकलींना चांगले ब्रेक आणि गिअर बसवले. सांगाडाच पुरा पडेना तेव्हा, 1977 मध्ये, जो ब्रीझ याने या कामासाठी खास सांगाडा बनवला. म्हणजे डागडुजी आधी आणि बदल नंतर. तोही सांगाड्याने हात टेकल्यावर.

आता थोडे गणित. माझे वजन 57 किलो, सायकल 18, दप्तर आणि डबा 5, एकूण 80. महागडे भाग घालून मी सायकल 2 किलोंनी हलकी केली, तर चढावर वाचणारे श्रम चाळिसाव्या हिश्शाएवढे. चाळीस मिनिटांचा चढ एकोणचाळीस मिनिटांत! सपाट रस्त्यावर तर तेवढाही फरक पडत नाही. तिथे आपल्याला अडवतात ते वारा आणि टायरचे घर्षण. त्यातून अशा सायकलीचे खरे वजन असते लोखंडी सांगाड्यात आणि स्प्रिंगांच्या फोर्कमध्ये. सांगाडा तसाच ठेवून भोवती उंची माल चढवणे म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

मग आपण ज्याला ‘जडपणा’ म्हणतो तो येतो कुठून? माझ्या मते बराचसा निष्काळजीपणातून. टायरात हवा कमी, चेन कोरडी, ब्रेकचे रबर रिमला घासते आहे, आणि सीट इतकी खाली की गुडघे छातीशी येतात! टायरवर हवेचा दाब छापलेला असतो, तो कितीजण वाचतात? या साऱ्या दुरुस्त्या जवळजवळ फुकट आहेत. खाचांचे टायर झिजले की त्या जागी कमी रुंदीचे, गुळगुळीत टायर घालावेत. डांबरी रस्त्यावर सर्वांत जास्त फरक पडतो तो यानेच, आणि वजन उतरते ते वेगळेच. मात्र हलकेपणाच्या नादात मडगार्ड काढू नयेत. बेळगावच्या पावसात पाठीवर चिखलाची रांगोळी घेऊन वर्गात बसण्याची हौस असेल तर गोष्ट वेगळी!

बदलण्याचीही वेळ येते, हे मला मान्य आहे. सांगाड्याला तडा गेला असेल, तो आपल्या उंचीला बसत नसेल, किंवा वसतिगृहाचे दोन जिने रोज सायकल उचलून चढावे लागत असतील, तर 18 किलोंच्या जागी 13 किलोंची सायकल घेणे शहाणपणाचे. तेथे पाच किलो खांद्याला कळतात. पण शेजाऱ्याने घेतली म्हणून मीही घेणार, हे कारण पुरेसे नाही.

घरी एक सोपा तोडगा सुचवला गेला: नवी मी घ्यावी आणि ही बहिणीला द्यावी. मला तो पटला नाही. माझ्याहून ती वीतभर बुटकी. तिला हा सांगाडा उंच पडतो. जी मला जड म्हणून नको, तीच तिने निमूट रेटावी, हा कुठला न्याय? यात वजन कमी होत नाही, फक्त धाकट्याच्या अंगावर जाते. आपल्या घरांतून कपडे, पुस्तके आणि सायकली नेहमी याच वाटेने उतरत आल्या आहेत. पुस्तकांचे ठीक आहे, सायकलीचे नाही.

म्हणून माझा निर्णय असा: माझ्या सायकलला दोन गुळगुळीत टायर आणि वेळच्या वेळी तेल-हवा. उरलेल्या पैशांत घरची थोडी भर घालून बहिणीला तिच्या मापाची, साधी, स्प्रिंगा नसलेली सायकल. स्टँडवर तिचा रुबाब पडणार नाही कदाचित. पण येळ्ळूरच्या रस्त्याने ती माझ्या पुढे निघून जाईल, आणि जावी.