डाव्या हाताला दहा मिनिटं

टेनिस हा काही आमच्या नागभीडचा खेळ नव्हे. आमच्याकडे कबड्डी, खो-खो, व्हॉलीबॉल आणि गल्लोगल्ली क्रिकेट. धानाच्या बांध्यांच्या या मुलखात टेनिस शिकायचं तर शहर गाठावं लागतं. तेव्हा मराठी माध्यमातून बीए झालेल्या, पंचाहत्तरीला टेकलेल्या एका निवृत्त मास्तराने टेनिसच्या बॅकहँडवर लिहावं हा जरा आगाऊपणाच. पण घरात वाद पेटलाय, आणि त्या वादात मी एक पक्ष आहे. फोनवर मला कुणी पुरतं बोलू देत नाही, म्हणून इथे लिहितो. नातेवाईक मंडळी वाचतीलच.

वाद असा. माझी नात नागपूरला टेनिस शिकते. वय बारा. उजव्या हाताची. फोरहँड झकास, बॅकहँड दोन हातांचा आणि कच्चा. तिच्या सरांनी सांगितलं की पुढचे दोन-तीन महिने सरावातला काही वेळ फक्त डाव्या हाताने खेळायचं. उजवा हात पाठीमागे, रॅकेट डाव्या हातात, आणि चेंडू मारायचा. झालं! चिरंजीव म्हणाले, "बाबा, मी फी भरतो ती पोरगी जिंकावी म्हणून. डाव्या हाताने चेंडू जाळीत घालायला नाही." त्यातच मधल्या एका स्पर्धेत ती पहिल्याच फेरीत हरली. मग काय विचारता! आता सर बदलायची भाषा सुरू झाली आहे.

माझं मत विचाराल तर सर बरोबर आहेत. आणि हे मी नातीच्या लाडापोटी म्हणत नाही. गेले काही महिने टीव्हीवर सामने बघताना माझं लक्ष चेंडूपेक्षा खेळाडूंच्या हातांकडे जास्त असतं. त्यातून जे कळलं ते सांगतो.

उजव्या हाताचा खेळाडू दोन हातांचा बॅकहँड मारतो तेव्हा त्याचा उजवा हात मुठीच्या टोकाशी असतो आणि डावा त्याच्या वर, म्हणजे जाळीच्या जवळ. डाव्या हाताचा तळवा रॅकेटच्या मागे येतो. चेंडूवर जोर देणारा, रॅकेट खालून वर नेऊन चेंडूला गरगर फिरवणारा हात बहुतेकांचा हाच असतो. उजवा हात खालून आधार देतो आणि दिशा धरून ठेवतो. म्हणजे नीट पाहिलं तर हा फटका डाव्या हाताचा फोरहँडच आहे, उजवा नुसता सोबतीला. (सगळ्यांचं अगदी सारखं नसतं, काहीजण उजव्यानेही बराच ओढतात. पण शिकणाऱ्या पोरांच्या बाबतीत हे गणित धरायला हरकत नाही.)

आता अडचण लक्षात आली? ज्या हाताने आयुष्यात कधी नीट दगडसुद्धा भिरकावला नाही, त्यालाच या फटक्याचा कारभार सांभाळायचा आहे. त्याला जमत नाही. मग शेजारी उजवा असतोच तयार, तो धावून येतो आणि सगळं आपल्याकडे ओढून घेतो. कोपर वाकतं, रॅकेट उशिरा येते, चेंडू जाळीत. वर्गात हुशार मुलाने दरवेळी उत्तर सांगून टाकलं की शेजारचा पोरगा वर्षभर गप्पच राहतो, तसं आहे हे. त्यावर मास्तर काय करतो? हुशाराला म्हणतो, तू दहा मिनिटं बाहेर जाऊन ये. उजवा हात पाठीमागे ठेवायला सांगणं म्हणजे तेच.

दोन हातांचा बॅकहँड हा तसा कमजोरीतूनच वर आलेला फटका. 1930 च्या दशकात ऑस्ट्रेलियाचा व्हिव्हियन मॅकग्रा असा खेळायचा, तेव्हा लोकांना ती गंमत वाटे. 1970 च्या दशकात ख्रिस एव्हर्ट, जिमी कॉनर्स आणि ब्योर्न बोर्ग आले आणि चित्र बदललं. एव्हर्ट लहानपणी एका हाताने बॅकहँड मारण्याइतकी ताकदवान नव्हती म्हणून तिने दुसरा हात लावला. तिचे वडील स्वतः प्रशिक्षक, त्यांना वाटे की मोठी झाली की सोडेल. तिने सोडला नाही. आणि आज? फेब्रुवारी 2024 मध्ये पुरुषांच्या जागतिक क्रमवारीत पहिल्या दहांत एका हाताने बॅकहँड मारणारा एकही खेळाडू उरला नव्हता. 1973 ला ही क्रमवारी सुरू झाल्यापासून असं पहिल्यांदाच घडलं. फेडररचा एका हाताचा बॅकहँड दिसायला देखणा, याबद्दल दुमत नाही. पण पोरांना शिकायचा आहे तो दोन हातांचा. आपली श्रीरामपूरची ऋतुजा भोसले बघा. उजव्या हाताची, बॅकहँड दोन हातांचा. 2023 मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत रोहन बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचं सुवर्णपदक घेऊन आली.

राफाएल नदालची गोष्ट तर नातीला मी दोनदा ऐकवली आहे. हा मनुष्य लिहितो उजव्या हाताने, गोल्फ खेळतो उजव्या हाताने, आणि टेनिस खेळला डाव्या हाताने. काकांनी मुद्दाम त्याला डावखुरा बनवला अशी कथा सांगतात, पण काका टोनी यांनी स्वतःच ती खोडून काढली आहे. पोरगा लहानपणी दोन्ही बाजूंना दोन्ही हात लावून खेळायचा आणि डावीकडून जास्त जोरात मारायचा, म्हणून ते त्याला डावखुराच समजले. लोक म्हणतात त्याला याचा फायदा बॅकहँडला झाला, कारण तिथे वरचा हात म्हणजे त्याचा लिहिता उजवा. खरं आहे. पण मला दुसरीच बाजू मोठी वाटते. जगाने धसका घेतला तो त्याच्या फोरहँडचा, आणि तो फोरहँड त्या हाताचा आहे ज्याने तो सहीसुद्धा करत नाही! त्या हाताने पॅरिसची स्पर्धा 14 वेळा जिंकली. 2024 मध्ये तो निवृत्त झाला. न लिहिणारा हात सरावाने कुठवर जातो याला आणखी काय पुरावा द्यायचा?

चिरंजीवांना टेनिसमधलं कळत नसेल तर क्रिकेटमधलं सांगतो. उजव्या फलंदाजाचा मुठीवरचा वरचा हात कुठला? डावा. सरळ बॅटने ड्राइव्ह मारायचा तर वरच्या हाताने बॅट चालवावी लागते, खालच्या उजव्याने घाई केली की चेंडू हवेत. म्हणून क्रिकेटचे प्रशिक्षक पोरांना नुसत्या डाव्या हाताने बॅट धरून चेंडू टोलवायला लावतात. तिथे कुणाचे वडील भांडायला जात नाहीत. सचिन तेंडुलकर लिहितो डाव्या हाताने, खेळला उजव्या हाताने. म्हणजे त्याचा वरचा हात मुळातच तयार. आणि गावसकरांनी तर 1982 मध्ये बंगळूरला रणजीच्या उपांत्य सामन्यात कमालच केली होती. खेळपट्टी वळत होती, कर्नाटकचा रघुराम भट डाव्या हाताने फिरकी टाकत होता. गावसकर त्याच्यासमोर चक्क डावखुरे होऊन उभे राहिले. बाकीच्यांना उजव्याने खेळायचे, भट आला की डाव्याने. नाबाद राहिले. सामना वाचवला.

पण खरं सांगू, आक्षेप टेनिसचा नाहीच. डाव्या हाताबद्दलची आपली अढी आहे ती. भाषेतच बघा ना. एखाद्याला बाजूला सारलं की त्याला 'डावललं'. सरस ठरला की तो 'उजवा'. भेदभाव केला की 'डावं-उजवं'. माझी धाकटी बहीण डावखुरी. पाटीवर डाव्या हाताने अक्षर काढलं की बोटांवर रूळ बसायचा. तिचं अक्षर उजव्या हाताचं झालं खरं, पण भाकरी ती आजही डाव्या हातानेच थापते, आणि तशी गोल भाकरी आमच्या घराण्यात दुसऱ्या कुणाला येत नाही. पुढे मी स्वतः शिकवायला लागलो तेव्हा वर्गातल्या डावखुऱ्या पोरांना बाकाच्या डाव्या टोकाला बसवायचो, म्हणजे कोपराला कोपर लागत नसे.

आणि आमच्या भागात तर डावा हात रिकामा कधी बसलाय? रोवणीच्या दिवसांत बांधीत उतरलेल्या बाया पाहा. पऱ्ह्यांची पेंढी डाव्या हातात. त्यातले दोन-चार पऱ्हे अंगठ्याने सुटे करून पुढे द्यायचे काम डाव्याचं, उजवा फक्त चिखलात खोचतो. डावा अडखळला की उजवा थांबलाच म्हणून समजा. कापणीला विळा उजव्यात, पण धानाचा मुठा आवळून धरतो तो डावा. झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम सुरू झाला की साथीला बसणाऱ्या तबलजीकडे पाहा. डग्गा डाव्या हाताखाली असतो, गमक तिथून निघते. तबला शिकवणारे नुसत्या डाव्या हाताचे बोल घोटून घेतात ते उगाच नाही.

आमच्या शेजारच्या वर्धा जिल्ह्यात सेवाग्रामला राहून गेलेल्या म्हाताऱ्याचंही सांगतो. 1909 मध्ये इंग्लंडहून दक्षिण आफ्रिकेला जाताना बोटीवर गांधीजींनी 'हिंद स्वराज' लिहिलं. हस्तलिखित पावणेतीनशे पानांचं. लिहून लिहून उजवा हात थकला तेव्हा थांबले नाहीत, जवळजवळ 40 पानं डाव्या हाताने लिहिली. आता बोला.

सूनबाईंची शंका वेगळी होती आणि ती रास्त आहे. डाव्याचा नाद लावला तर उजव्याचा चांगला फोरहँड बिघडणार नाही का? तर उलट अनुभव आहे. 1894 मध्ये अमेरिकेत येल विद्यापीठात स्क्रिप्चर नावाच्या प्राध्यापकांनी एका हाताकडून सराव करून घेतला, तर सराव न केलेल्या दुसऱ्या हातातही सुधारणा दिसली. त्यानंतर हे पुन्हा पुन्हा तपासलं गेलं आहे. शिकतो तो मेंदू, हात त्याचं ऐकतात. अर्थात याचा अर्थ डाव्याने खेळत बसा आणि उजवा आपोआप चमकेल असा नाही. सुधारणा थोडी असते. पण बिघाड होईल ही भीती मनातून काढून टाका.

मात्र हा सराव करायचा कसा यात तारतम्य हवं. मोठ्यांची रॅकेट जवळपास 300 ग्रॅमची, ती एका कच्च्या डाव्या मनगटावर तासभर लादली तर कोपर धरणार. दहा मिनिटं पुष्कळ झाली. रॅकेट हलकी, मूठ टोकाशी न धरता वर, दोन हातांच्या फटक्यात डावा जिथे असतो तिथेच धरायची. आधी नुसता डाव्या हाताने चेंडू फेकायचा, काखेखालून, बाजूने. मग जाळीजवळून हळू टोलवायचा. मऊ चेंडू असला तर उत्तम. जोर नको, चेंडू अंगाच्या पुढे भेटतोय का आणि रॅकेट खालून वर जातेय का एवढंच बघायचं. मग उजवा हात परत बोलवायचा, पण पहिले काही दिवस दोन बोटांपुरता. सामन्याच्या आदल्या दिवशी हा उद्योग अजिबात नको. हे सगळं नातीच्या सरांनी तिला सांगितलेलंच आहे, मी फक्त तिच्या वहीतून शिकलो. (वही छान ठेवते. शुद्धलेखन मात्र... असो.)

आणि हरण्याबद्दल. या दोन-तीन महिन्यांत ती हरणार आहे, हे आधीच धरून चाला. डाव्या हाताला जबाबदारी दिली की सुरुवातीला तो घोळ घालणारच. जुन्या सवयीने उजव्याने ओढून मारलं असतं तर कदाचित ती परवाची फेरी निघालीही असती. पण बाराव्या वर्षी निघालेल्या फेरीचं करायचं काय? सोळाव्या वर्षी समोरच्या पोरी दरेक चेंडू तिच्या बॅकहँडवरच टाकतील, तेव्हा त्या हाताला शिकवायला वेळ कुणाकडे असणार? पीट सँप्रासचं उलटं उदाहरण आहे. चांगला दोन हातांचा बॅकहँड असताना चौदाच्या सुमारास प्रशिक्षकाच्या सांगण्यावरून तो एका हातावर गेला आणि त्यानंतर बरेच सामने हरला. पुढे विम्बल्डन 7 वेळा जिंकला. त्याच्या घरच्यांनी तेव्हा प्रशिक्षक बदलला नाही. (आता कुणी म्हणेल तो तर दोनाचा एक झाला. बरोबर. मी हात मोजत नाहीये, दम धरण्याबद्दल बोलतोय.)

तेव्हा चिरंजीव, सर बदलू नका. निदान दिवाळीपर्यंत नाही. उन्हाळ्यात पोरीला पंधरा दिवस इकडे पाठवा. मागच्या अंगणातली भिंत गिलावा केलेली आहे, तिच्यावर जमिनीपासून तीन फुटांवर चुन्याची रेघ मारून ठेवतो. टेनिसची जाळी मधोमध तेवढीच उंच असते. सकाळी सहाला ऊन नसतं. चेंडू आणून द्यायला मी आहे, आणि मला वाकताना त्रास होतो हे कारण सूनबाईंनी पुढे करू नये, शेजारची दोन पोरं तयार आहेत. येताना जुनी, हलकी रॅकेट आणा. आणि जमलं तर दोन आणा, त्या पोरांचाही डावा हात बघू.