लस मुलग्यांनाही हवी

तोंडाचा वा घशाचा कर्करोग म्हटला की आपल्याकडे तंबाखू, बिडी आणि सुपारी आठवते. बहुसंख्य रुग्णांबाबत ते खरेही आहे. परंतु टॉन्सिल व जिभेचे मूळ येथील कर्करोगाचे दुसरे एक कारण आता निर्विवाद सिद्ध झाले आहे. ते म्हणजे ह्यूमन पॅपिलोमा विषाणू, विशेषतः त्याचा १६ क्रमांकाचा प्रकार. अमेरिकेत घशाच्या या भागातील सुमारे ७० टक्के कर्करोग या विषाणूमुळे होतात आणि रुग्णांत पुरुषच अधिक असतात. भारतात हे प्रमाण पुष्कळ कमी आहे, त्यामुळे तंबाखूविरोधी लढा सैल करण्यास कोणी यातून सबब काढू नये.

याच विषाणूमुळे होणाऱ्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची पूर्वावस्था तपासणीत पकडता येते. घशाबाबत तशी सोय नाही. विषाणू टॉन्सिलच्या खोल चिरांत दडतो आणि पुष्कळदा मानेत गाठ आल्यावरच रुग्ण डॉक्टरांकडे पोहोचतो. म्हणजे भरवशाचा उपाय एकच उरतो, तो लशीचा. आणि तीही लैंगिक संबंधांचे वय येण्यापूर्वी टोचलेली. (हा संसर्ग बहुसंख्य स्त्रीपुरुषांना आयुष्यात केव्हातरी होतोच, तेव्हा रुग्णाच्या चारित्र्याची चिकित्सा करणाऱ्यांनी जरा थांबावे.)

ऑस्ट्रेलियाने २०१३ पासून आणि ब्रिटनने २०१९ पासून मुलग्यांनाही शाळेत ही लस देण्यास आरंभ केला. आपल्या २०२४ च्या हंगामी अर्थसंकल्पात उल्लेख झाला तो केवळ ९ ते १४ वर्षांच्या मुलींचा. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने देशात वर्षाला ७५ हजारांहून अधिक स्त्रिया दगावतात, हे पाहता मुलींना अग्रक्रम देणे न्याय्यच आहे. परंतु अग्रक्रम म्हणजे इतरांना कायमचे वगळणे नव्हे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची लस २०२३ साली बाजारात आली, ती मुलगे व मुली दोघांसाठीही मंजूर आहे; दोन मात्रांच्या कुपीची किंमत त्या वेळी सुमारे २००० रुपये होती. बाजाराने मुलग्यांना वगळले नाही, त्याने वगळले ते शेतमजुराच्या मुलाला.

पैसा कोठून आणावयाचा, असा प्रश्न येईल. त्याचे उत्तर काही अंशी आपल्याच मुलींनी दिलेले आहे. २०१० साली खम्मम व वडोदरा येथील लसप्रकल्पातील काही मुलींच्या मृत्यूंनंतर गदारोळ झाला. मृत्यूंचा लशीशी संबंध चौकशीत आढळला नाही. पण पालकांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांनी संमतिपत्रांवर सह्या केल्याचे उघड झाले आणि तो संताप रास्तच होता. या गदारोळात बार्शीसह अनेक केंद्रांवर चाललेली एक वेगळी चाचणीही मध्येच थांबली आणि सुमारे ५००० मुलींना एकच मात्रा मिळाली. पुढे अनेक वर्षे त्यांची तपासणी झाली, तेव्हा एका मात्रेनेही या विषाणूच्या मुख्य प्रकारांपासून चांगले संरक्षण मिळते असे दिसले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली एका मात्रेचा पर्याय मान्य केला, त्यामागील पुराव्यांत या मुलींचाही वाटा आहे.

एका मात्रेने मुलींचे काम भागत असेल, तर वाचलेल्या दुसऱ्या मात्रेचा खर्च सरकारी शाळांतील मुलग्यांसाठी राखून ठेवावा, लशीची खरेदी सरकारने घाऊक दराने करावी आणि संमतिपत्र पालकांना त्यांच्या भाषेत वाचून दाखवल्यावाचून एकही सुई टोचू नये, ही मागणी कार्यकर्त्यांनी जिल्हा परिषदांपर्यंत नेली पाहिजे.